१९७५ ची सेसना १७२ एम : घेतली कशी, निघाली कशी

विमान माझं नाही, भाच्याचं आहे. पण पसंत मी केलं आणि वर्षभर त्याच्या पोटाखाली मीच लोळतोय, तेव्हा लिहायचा हक्क माझा.

मी अडतीस वर्षं छोट्या विमानांची दुरुस्ती केली. लायसन्सवाला एएमई, म्हणजे विमान तपासून सही देणारा इंजिनियर होतो, आता निवृत्त. माझी सही आता कागदावर चालत नाही, डोळे मात्र अजून चालतात. वरूडकडे संत्र्याची सव्वाचारशे झाडं आहेत, त्यातच माझा जीव रमतो असा घरच्यांचा समज आहे. भाचा वैमानिक. काही वर्षं परदेशात नोकरी करून परतला, वडिलांच्या जिनिंगमध्ये बसू लागला आणि एका संध्याकाळी माझ्या बाजेवर येऊन टेकला. "मामा, एक जुनं विमान पाह्यलं. घेऊ का?"

बहीण मागेच उभी होती. "इतल्या पैशात तं सात एकर ओलिताचं वावर आलं असतं, भाऊ. तुमीच सांगा याले." म्हणणं खोटं नव्हतं. किंमत लिहू नका असं भाच्याने बजावलंय, म्हणून आकडा देत नाही. नागपुरात बऱ्या वस्तीत तीन खोल्यांचा फ्लॅट घ्यायला जेवढं लागतं, त्याच्या आसपास धरा.

त्याने आधी पाहिलेलं विमान हे नव्हतंच. ते दुसऱ्या राज्यात, एका दलालाकडे. फोटोत नवरीसारखं सजवलेलं. पांढरा-निळा ताजा रंग, नवीन सीटकव्हर, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत, "इंजिन फक्त १,१०० तास". भाच्याला तो आकडा फार आवडला होता. मी म्हटलं, वही दाखवा. लॉगबुक आलं. पानं उलटत गेलो तर शेवटच्या सहा वर्षांत मिळून अकरा तास. म्हणजे विमान सहा वर्षं झोपून होतं.

ट्रॅक्टर सहा वर्षं उभा राहिला तर बॅटरी, टायर, थोडं ऑइलपाणी, की चालला. या विमानांत असतं त्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनाचं तसं नाही. त्यात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला आहे. इंजिन थांबलं की तेल ओघळून खाली जातं, काही आठवड्यांत वरचा कॅम कोरडा पडतो आणि दमट हवेत त्यावर बारीक गंज धरतो. पुढे कधीतरी इंजिन चालू केलं की तो गंज व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटला कानशीसारखा घासतो. मग तेलात लोखंडाचा चुरा येऊ लागतो. बाहेरून यातलं काही दिसत नाही. बघायचं असेल तर एक सिलिंडर उतरवावा लागतो. मी म्हटलं, उतरवू द्या, परत बसवायचा खर्च आमचा. दलाल म्हणाला, "अंकल, इतना शक करोगे तो प्लेन कैसे लोगे?" मी शेपटाकडचं झाकण उघडून टॉर्च मारला. आत उंदराचं घर, गवताचं, मऊ मऊ. उंदराचं मूत ॲल्युमिनियम खातं. झाकण लावलं, चहा पिऊन निघालो. येताना भाचा गाडीत तासभर बोलला नाही.

म्हणून सांगतो, "कमी तास" वाचून भुलू नका. आठवड्याला दोन तास उडणारं, मालकाच्या हाताखालचं विमान हजार तासांनी जास्त चाललेलं असलं तरी परवडतं.

दुसरं विमान बंगळुरूकडचं. मालक कॉफीच्या मळ्याचे, वय ७८, वयामुळे वैमानिकाचं मेडिकल सर्टिफिकेट मिळेना म्हणून विकायला काढलेलं. फेब्रुवारीत आम्ही नागपूरहून रेल्वेने निघालो. सोबत मृगाच्या बहाराची दोन पेट्या संत्री, माझा टॉर्च, काडीवर बसवलेला छोटा आरसा आणि भिंग. डब्यातल्या एका बाईने विचारलं, दाताचे डॉक्टर का? मी हो म्हटलं.

शेडचं दार सरकवलं आणि मला पहिल्यांदा जाणवलं ते रंगाचं जुनेपण. क्रीम, त्यावर तपकिरी आणि नारंगी पट्टा, सत्तरीच्या दशकातला तोच. नाकावर दोन ठिकाणी टवके. पंखांच्या कडा हात लावून लावून गुळगुळीत झालेल्या. भाच्याचा चेहरा पडला. माझा उजळला.

थोडी ओळख करून देतो. सेसना १७२ पहिल्यांदा उडाली १९५५ साली. आतापर्यंत ४४,००० हून जास्त झाल्या. जगात कुठलंच विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही. त्यातलं 'एम' मॉडेल १९७३ ते १९७६ या काळातलं. चार सीटा, पंख वर, १५० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, पोट भरून उडायचं कमाल वजन २,३०० पौंड, म्हणजे १,०४३ किलो. एका तासाला साधारण ३३ लिटर पिते. वेग पुस्तकात छान आहे, प्रत्यक्षात १०५ नॉट धरा, ताशी १९५ किलोमीटर. भाचा येता-जाता लोकांना सांगतो की १९५८-५९ मध्ये अमेरिकेत दोघांनी याच जातीचं विमान ६४ दिवस खाली न उतरवता उडवलं, धावत्या ट्रकवरून नळी वर ओढून पेट्रोल घेत. गोष्ट खरी आहे. पण ते इंजिन वेगळं होतं, आणि त्या दोघांना घरी वाट पाहणारी आई नसावी.

माझा स्वतःचा जीव मात्र पुष्पकवर. आपल्या एचएएल या सरकारी विमान कारखान्याने बनवलेलं, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, दोन सीटांचं, अंगावर कापड, नव्वद अश्वशक्तीचं. एचएएलचा डिझाइन विभाग उभा केला तो डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी, आपल्या महाराष्ट्राचा माणूस, जर्मनीत प्रांटल या वायुगतिकीतल्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला. मी हात काळे केले ते पुष्पकवर. कापडावर चढवायच्या डोपचा, म्हणजे वार्निशचा, वास अजून नाकात आहे. पुष्पक घेऊ का, असं भाच्याने एकदा विचारलं होतं. मी नको म्हटलं. कापडाचं अंग सांभाळणारे हात आता उरले नाहीत, आणि माझे दोन किती दिवस पुरणार.

तर तपासणी. आधी वह्या. दोन दिवसांपैकी अख्खा पहिला दिवस मी फक्त वाचत बसलो. एकूण ४,३१० तास, इंजिन उघडून नवं केल्यापासून ८४०, आणि तेही आठ वर्षांत. म्हणजे वर्षाला शंभराच्या वर. एकही महिना कोरडा नाही. नोंदींत लपवाछपवी नाही: "डाव्या टायरला चीर, बदलला." "एक्झॉस्टला केसाएवढी भेग, वेल्डिंग." जी वही म्हणते की पन्नास वर्षांत काहीच बिघडलं नाही, ती वही खोटी. याशिवाय मालकांची एक वेगळी वही होती, शाळेतल्या पोरांची असते तशी दोनशे पानी. त्यात दर रविवारची नोंद: तारीख, किती वेळ उडालो, तेल किती होतं. अशा चार वह्या. मी त्या वाचताना म्हातारबुवा दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. मुलगी पाहायला आलेल्या व्याह्याकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन. प्लग काढायचा, पिस्टन वर आणायचा आणि सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडायची. शेजारच्या घड्याळात दिसतं की त्यातली किती टिकली. एकाने पंखा घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर हवेच्या जोराने तो फिरतो आणि हात घेऊन जातो. ते काम भाच्याला दिलं. ७६, ७४, ७७ आणि चौथ्यात ७१. चौथा थोडा कमी. आता कान लावायचा. एक्झॉस्टच्या नळीत सूं आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला, तो मोठा खर्च. कार्ब्युरेटरमध्ये आलं तर इनटेक व्हॉल्व्ह. तेल टाकायच्या भोकात आलं तर पिस्टनच्या रिंगा. मी गुडघ्यावर बसून तिन्हीकडे कान लावला. फक्त तेलाच्या भोकात अगदी बारीक, उन्हाळ्यात माठ पाझरतो तसा आवाज. रिंगा थोड्या झिजल्या आहेत, चालेल. तेलाचा फिल्टर कापून घडी उलगडली, चुंबक फिरवला. चुंबक कोरा निघाला.

मग तो प्रकार, ज्याची गोष्ट आता आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक फट असते. विमान फार हळू झालं आणि आता पडणार अशी वेळ आली की त्या फटीतून हवा उलट ओढली जाते आणि आत बसवलेली पेटीच्या सुरासारखी पट्टी वाजते. वैमानिकाला इशारा. जमिनीवर ती तपासायची तर एकच उपाय: फटीवर रुमाल ठेवायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढायची. अडुसष्ट वर्षांचा माणूस विमानाच्या पंखाला तोंड लावून उभा, आणि आतून जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज. शेडचा वॉचमन हसून हसून खाली बसला. भाच्याने व्हिडिओ काढला. लग्नकार्यात अजून दाखवतात.

सीटच्या रुळांकडे मात्र हसून बघू नका. वैमानिकाची सीट रुळावर मागेपुढे सरकते, एक खिळ रुळाच्या भोकात बसून ती अडवते. वर्षानुवर्षं वापरून ती भोकं लांबट होतात. विमान उडताना नाक वर करतं, खिळ निसटते, सीट धाडकन मागे, आणि वैमानिक हातात धरलेलं चाक ओढतच मागे जातो. यात माणसं मेली आहेत. म्हणून या रुळांची ठरावीक तासांनी मोजणी सक्तीची आहे. भिंगातून एकेक भोक पाहिलं. उजव्या सीटच्या रुळाची तीन भोकं हद्दीवर आलेली. मालकांनी स्वतःच सांगितलं होतं. ते पैसे किमतीतून वजा झाले.

नाकाचं चाक ज्या फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला बसतं, तिथे पत्र्याला सुरकुत्या नाहीत, म्हणजे कोणी नाकावर आपटलेलं नाही. शेपटीत आरसा घालून पाहिलं, गंज नाही. गुरांच्या बाजारात बैलाचे दात बघून झाले की माझे वडील त्याला चार पावलं चालवून बघत. मीही शेवटी म्हटलं, आता उडवा. भाचा आणि तिथला एक इन्स्ट्रक्टर चक्कर मारून आले. उतरताना पुढचं चाक थरथरलं, हातगाडीचं ढिलं चाक थरथरतं तसं. हा सेसनाचा जुना रोग आहे, ती थरथर दाबणारा डॅम्पर दुरुस्त करून घेतला.

व्यवहार ठरला. मालकांनी पैशांखेरीज एक अट घातली. ती शेवटी सांगतो.

कागदांबद्दल थोडक्यात. नोंदणी नावावर करणं, उडण्यालायक असल्याची वार्षिक तपासणी म्हणजे एआरसी, रेडिओचं लायसन्स, विमा, सगळं मिळून चार महिने गेले. एका कचेरीत एकच फाइल तीनदा परत आली, सही जुळत नाही म्हणून. तिसऱ्यांदा जुळली, सही तीच होती. आधीच भारतात नोंदलेलं, व्हीटी अक्षरांचं विमान घ्या, एवढा एक सल्ला. आणि तुमचा मामा कितीही हुशार असला तरी चालू लायसन्सवाल्या एएमईकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. आम्हीही केली. त्याने माझ्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट काढली, डाव्या दाराच्या बिजागरीची भेग. दोन दिवस मला झोप नीट लागली नाही.

विमान आणलं जूनच्या तोंडावर. सकाळी साडेसहाला निघालो, उड्डाणाआधी घ्यायचे दोन नंबर घेऊन: हवाई माहिती केंद्राचा एफआयसी आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी. हैदराबादला पेट्रोल, मग नागपूर. मिळून पावणेसहा तास उड्डाण. आयुष्यभर विमानं दुरुस्त केली, पण एका दिवसात एवढा वेळ मी कधी हवेत बसलो नव्हतो. कानाला हेडफोन, पायाशी ऊन. वर्धा नदी खाली आली तेव्हा पाण्यापेक्षा रेतीच जास्त दिसत होती. पंख वर असण्याचं सुख तेव्हा कळलं. खिडकीतून सरळ खाली बघता येतं. तिथून पुढे आमच्या धावपट्टीपर्यंत उन्हाने भाजलेली काळी, नांगरून ठेवलेली वावरं आणि त्यात गडद हिरवे चौकोन, संत्र्याचे. ठिबकवर कोण आणि टँकरवर कोण, वरून लगेच ओळखू येतं.

विमान आता जिथे असतं त्या धावपट्टीचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या भाड्याच्या शेडबद्दल तक्रार आहे. छप्पर गळतं. कबुतरं आहेत. भाडं मात्र दर महिन्याच्या एक तारखेला हवं.

पूजेच्या दिवशी बहीण हार, नारळ, लिंबू-मिरची घेऊन आली. हार तिने सरळ पंख्याला घातला. मी धावत जाऊन काढला. लिंबू-मिरची नाकाखाली बांधायला ओवाळणीतला लाल दोरा काढला तेव्हा मला आवाज चढवावा लागला. ती इंजिनाच्या हवेच्या वाटेत गेली तर? शेवटी इंजिनाच्या झाकणावर कुंकवाचं बोट, नारळ जमिनीवर, तोही दहा पावलं दूर. ती रुसली. "कार घेतली तवा तं लिंबू चालते, इथं कायले नाही चालत?" मग भाच्याने तिला शेजारी बसवून एक चक्कर मारली. उतरल्यावर म्हणाली, "आपलं घर लय लहान दिसते न वरून." त्या दिवसापासून वावराचा विषय निघालेला नाही.

चार सीटा आहेत म्हणून चार माणसं बसवू नका. आमच्या विमानाचं रिकामं वजन कागदावर ६४० किलो. टाक्या भरल्या की पेट्रोलचे सुमारे ११४. उरले २८९. आमच्या घरातली चार माणसं मिळून ३२० किलो भरतात; बाजार समितीच्या काट्यावर मोजलंय, आणि तेव्हाही बहीण रुसली होती. त्यामुळे चौघं जायचे तर टाकी अर्धी.

आणि वजनापेक्षा वाईट आपला उन्हाळा.  नागपूरकडची जमीन समुद्रसपाटीपासून हजारेक फूट. पण मे महिन्यात ४४ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते ४,७०० फुटांवर उभं असतं. चिखलदऱ्याहून हजार फूट वर. इंजिन तेच, पण दम निम्मा वाटतो. धावपट्टी संपत येते आणि चाकं अजून जमिनीलाच. एकदा सकाळी दहाला भाच्याने हट्टाने उडवलं. बाभळीच्या शेंड्यांवरून गेला. शेंडे मला हवे होते त्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसले. आता नियम ठरलाय: एप्रिल-मेमध्ये आठ वाजल्यानंतर शेड उघडायची नाही.

पावसाळ्यात वेगळं नाटक. ऑगस्टमध्ये ढगाळ, दमट हवा, बाहेर २४ अंश. इंजिनाचे फेरे हळूहळू शंभरने उतरले. २४ अंशांत बर्फ कुठून, असं कोणालाही वाटेल. पण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आतली हवा इतकी गार होते की ओलाव्याचा बर्फ धरतो. भाच्याने गरम हवेचा दांडा ओढला, इंजिन दोन-चार वेळा खोकललं, वितळलेलं पाणी गिळलं आणि सुधारलं. त्याने बरोबर केलं. घाबरून दांडा परत आत ढकलणारे असतात.

सप्टेंबरात कुंभारीण. तीच, घराच्या कोपऱ्यात मातीचं घर करणारी बारीक कमरेची माशी. पंखाखाली एक नळी असते, पिटोची. तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून वेग कळतो. तिच्यावर लाल फडक्याचं टोपण घालून ठेवायचं असतं. चहाला गेलो तेव्हा टोपण घालायचं राहिलं. परत येऊन धावपट्टीवर दौड सुरू केली तर वेगाचा काटा शून्यावर. भाच्याने ताबडतोब थ्रॉटल बंद करून थांबवलं. तारेने नळी साफ करायची नसते, खोलून करावी लागते. आतून निघाली चिमूटभर माती आणि एक हिरवी अळी, जिवंत. तासाभरात केलेलं काम.

पेट्रोल ही खरी डोकेदुखी. याला गाडीचं पेट्रोल नाही, ॲव्हगॅस लागतं, निळसर रंगाचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली, त्याआधी सगळं बाहेरून यायचं. पण आमच्या धावपट्टीवर ते मिळत नाही. टाकी भरायची तर अर्धा तास उडून जायचं आणि भरून अर्धा तास उडून यायचं. शिवाय त्यात शिसं असतं. हे इंजिन मुळात कमी शिशाच्या जुन्या ऐंशी ऑक्टेनसाठी केलेलं, त्यामुळे खालच्या प्लगांमध्ये शिशाचे मणी साचतात, मोहरीएवढे, करडे. दर पंचवीस तासांनी मी प्लग काढतो आणि दाभणाने एकेक मणी टोकरून काढतो. संत्र्याच्या बागेत बसून. भाचा म्हणतो, त्यापेक्षा जमिनीवर असताना मी मिक्श्चर बारीक, म्हणजे हवेत पेट्रोल कमी, ठेवतो. ठेवतो म्हणतो, पण विसरतो.

बाकी तक्रारी छोट्या. आतलं प्लास्टिक पन्नास वर्षांचं, आमच्या उन्हात तडतडून फुटतंय. खिडकीची चौकट मी फेविक्विकने नव्हे, पण त्याच्याच चुलत भावाने चिकटवली आहे. टाकीच्या झाकणांची रबरं पावसाळ्याआधी बदला, नाहीतर टाकीत पाणी. रोज सकाळी खालच्या बोंडातून थोडं पेट्रोल ग्लासात काढून बघायचं, पाणी असेल तर तळाला मोत्यासारखं बसतं. सुटे भाग मिळतात, पण थांबावं लागतं. सीटचे रूळ यायला सात आठवडे लागले.

वर्षभरात ८६ तास उडालं. एकदाही हवेत इंजिनाने दगा दिला नाही. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो प्लास्टिकसाठी; शेडचं छप्पर विमानाचं पाप नाही. आणि ते दलालाकडचं निळं-पांढरं विमान? ते कोणीतरी घेतलं म्हणे.

आता ती अट. मालकांनी पैसे मोजून झाल्यावर त्या दोनशे पानी वहीची पाचवी प्रत माझ्या हातात दिली, कोरी. म्हणाले, दर रविवारी उडवायचं आणि तेलाचा आकडा मला पाठवायचा. बस. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी त्यांना आकडा पाठवतो. ते काही लिहीत नाहीत, फक्त पाहिल्याची खूण येते.

गेल्या रविवारी भाचा धामणगावला लग्नाला गेला, विमान शेडमध्येच राहिलं. चार वाजता फोन वाजला.

"आकडा आला नाही."

मी लग्नाचं सांगितलं. थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "मग सोमवारी उडवा."

सोमवारी उडवलं. तेल साडेसहा क्वार्ट.